एंजिनाचे तेल : डब्यावरील खुणा वाचून करावयाची निवड

गाळपाच्या हंगामात कोल्हापूर-सांगलीकडे साखर कारखान्याच्या वाटेवर उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्यांसह एखादा ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला बंद पडलेला दिसावा, यात नवल उरलेले नाही. एंजिन एकाएकी जड झाले, बंद पडले व पुन्हा फिरेना. मिस्त्रीने खोलून पाहिले तेव्हा क्रँकवरील बेअरिंगे घासून चिकटलेली आढळली, अशी हकिगत गावोगावी ऐकावयास मिळते. तोडलेला ऊस वाळू लागतो, त्याचे वजन व साखर उतारा घटतो, वाहतुकीचा करार अडचणीत येतो आणि ट्रॅक्टरवरील कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. कारण शोधू जाता पुष्कळदा असे निघते की, एंजिनात तेल होते. परंतु ते त्या एंजिनाच्या योग्यतेचे नव्हते, अथवा त्याची मुदत केव्हाच उलटून गेलेली होती.

तेलाची निवड करताना शेतकरी सामान्यतः चार गोष्टी पाहतो : बोटांत धरून तेलाचा चिकटपणा, त्याचा रंग, डब्याची किंमत आणि दुकानदाराचा सल्ला. या चारींपैकी एकीवरूनही तेल योग्य की अयोग्य हे ठरत नाही. ते ठरते डब्यावर छापलेल्या दोन खुणांवरून. एक खूण तेलाच्या दाटपणाची व दुसरी त्याच्या कसाची. एंजिनाबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत कारखानदाराने याच दोन खुणा लिहिलेल्या असतात. पुस्तिकेतील खुणा व डब्यावरील खुणा जुळल्या म्हणजे निवड झाली. मग तेल कोणत्या कंपनीचे आहे, हा प्रश्न दुय्यम ठरतो.

या खुणांचा अर्थ कळण्यासाठी तेल एंजिनात कोणते काम करते, हे आधी पाहिले पाहिजे. फिरणाऱ्या व सरकणाऱ्या भागांमध्ये पातळ थर धरून धातूला धातू घासू न देणे, हे त्याचे पहिले काम होय. परंतु तेवढ्यावर ते संपत नाही. दट्ट्याच्या खालच्या अंगाची व बेअरिंगांची उष्णता तेलच वाहून नेते. दट्ट्याच्या कड्या व सिलिंडर यांमधील फट तेच बुजविते. डिझेल जळताना निर्माण होणारी काजळी ते पोटात घेते व आम्लता मारते. पाणी रेडिएटरमधून एंजिनाच्या बाहेरच्या बाजूने थंडावा देते, पण आतील गाभ्यापर्यंत पोचते ते तेलच. म्हणून पाणी पुरेसे असूनही तेलाच्या दोषामुळे एंजिन तापू शकते.

दाटपणाची खूण

दाटपणाच्या खुणेपूर्वी एस. ए. ई. ही अक्षरे असतात. मोटारींच्या इंजिनिअरांची जी संस्था अमेरिकेत १९०५ साली स्थापन झाली, तिने १९११ साली तेलांची ही वर्गवारी प्रथम ठरविली; पुढे तीत अनेक सुधारणा होऊन ती आज जगभर चालते. १०० अंश सेल्सिअस उष्णतामान असताना तेल किती सहज वाहते, हे मोजून त्याला ३०, ४०, ५० असे अंक देतात. ज्याचा दाटपणा त्या उष्णतेला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्स यांच्या दरम्यान भरतो, ते ४० अंकाचे तेल. त्याहून पातळ ते ३० चे आणि दाट ते ५० चे. येथे ध्यानात ठेवावयाची गोष्ट ही की, मोजणी १०० अंशांवर केलेली आहे. दुकानात बोटांत धरलेले तेल तीस-पस्तीस अंशांवर असते. त्या वेळी जे दाट भासते ते तापलेल्या एंजिनात दाट राहीलच असे नाही, आणि जे पातळ भासते ते तेथे टिकून राहू शकते. बोटांची परीक्षा फसवी ठरते ती याच कारणाने.

काही डब्यांवर एकच अंक असतो, तर काहींवर १५ डब्ल्यू-४० किंवा २० डब्ल्यू-४० अशी जोडखूण असते. डब्ल्यू हे अक्षर हिवाळा या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आहे. पहिला अंक थंडीतील वागणुकीचा व दुसरा १०० अंशांवरील दाटपणाचा. पहिला अंक जितका लहान, तितके तेल थंड असताना अधिक सहज वाहते. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग हिवाळ्याच्या अंकाशी काय कर्तव्य, असा प्रश्न निघतो. तो रास्त आहे, पण त्याचे उत्तर बर्फात नसून पहाटेच्या सुरुवातीत आहे.

एंजिन रात्रभर उभे राहिले की बहुतेक तेल निथळून तळाच्या टाकीत जमते. सकाळी एंजिन सुरू केल्यापासून पंपाने ते वरच्या बेअरिंगांपर्यंत पोचेतो जे काही क्षण जातात, त्या क्षणांत भाग जवळजवळ कोरडे फिरतात आणि एंजिनाची झीज मुख्यतः तेव्हाच होते. ४० अंकाचे एकेरी तेल आणि १५ डब्ल्यू-४० तेल १०० अंशांवर सारखेच दाट असतात. पण ४० अंशांवर एकेरी तेलाचा दाटपणा सुमारे १४५, तर जोडखुणेच्या तेलाचा सुमारे ११० सेंटिस्टोक्स असतो. निफाडकडील पौषातल्या पहाटे हे अंतर आणखी वाढते. जोडखुणेचे तेल लवकर वर चढते. त्यात मिसळलेल्या लांब साखळीच्या द्रव्याचे कण थंडीत आकसलेले असतात व उष्णतेने पसरतात; त्यायोगे तापल्यावर तेल फाजील पातळ होत नाही. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना नांगरट करणाऱ्या ट्रॅक्टरलाही दुसऱ्या अंकामुळे तेवढेच संरक्षण मिळते. म्हणूनच पुष्कळ ट्रॅक्टरांच्या पुस्तिकांत आता बाराही महिने चालणारे १५ डब्ल्यू-४० किंवा २० डब्ल्यू-४० तेल सांगितलेले आढळते.

'तेल जितके दाट तितके चांगले' ही समजूत मात्र खेड्यांतून अद्याप गेलेली नाही. एंजिन धूर टाकू लागले व तेल खाऊ लागले की ५० अंकाचे तेल घालण्याचा सल्ला मिळतो. त्याने धूर काही दिवस कमी होतो, हे खरे. परंतु झिजलेल्या कड्या त्यामुळे नव्या होत नाहीत. दाट तेल अरुंद वाटांतून वेळेवर पोचत नाही व जे बेअरिंग शाबूत होते तेही झिजू लागते. कड्यांचा खर्च टाळण्यासाठी क्रँकचा खर्च ओढवून घेण्यासारखेच हे आहे.

कसाची खूण

दुसरी खूण ए. पी. आय. या अक्षरांनी सुरू होते. ही अमेरिकन पेट्रोलियम संस्थेची वर्गवारी होय. त्यापुढे एस अक्षराने सुरू होणारी खूण पेट्रोल एंजिनांची व सी अक्षराने सुरू होणारी डिझेल एंजिनांची असते. दुसरे अक्षर वर्णमालेत जितके पुढचे, तितकी ती पायरी नवी व परीक्षा अधिक कडक. डिझेलसाठी सी एफ-४ ही पायरी १९९० च्या सुमारास, सी एच-४ ही १९९८ मध्ये, सी आय-४ ही २००२ मध्ये, सी जे-४ ही २००६ मध्ये आणि सी के-४ ही २०१६ च्या अखेरीस प्रचारात आली. शेवटचा ४ हा अंक गुणांचा नव्हे. एंजिन चार धावांचे आहे, एवढेच तो सांगतो. सी जी-४ व त्यापूर्वीच्या पायऱ्या त्या संस्थेने कालबाह्य ठरविल्या आहेत, तरी त्या खुणांचे डबे दुकानांत आढळतात व ते स्वस्तही असतात.

पुस्तिकेत सी एफ-४ लिहिले असता सी आय-४ चे तेल वापरण्यास हरकत नसते. वरच्या पायरीचे तेल खालच्या जागी चालते. याच्या उलट मात्र करू नये. दाटपणाचा अंक तोच असूनही कस उणा असलेले तेल काजळी पेलू शकत नाही. ती एकत्र होऊन गाळ बनते व तेलाच्या वाटा बुजतात. एफ ए-४ ही खूण मात्र निराळी आहे. ते तेल काही ठरावीक नव्या रस्त्यावरील वाहनांसाठी असून ट्रॅक्टरात घालण्याजोगे नाही.

रंगाविषयीचा गैरसमज येथेच दूर केला पाहिजे. नवे तेल भरून दोन-चार दिवस काम केले की ते काळे होते, आणि 'तेल बनावट निघाले' अशी तक्रार येते. वस्तुतः चांगल्या तेलात काजळी धुऊन काढणारी व ती सुटी ठेवणारी द्रव्ये असतात. जी काजळी पूर्वी दट्ट्यावर बसली असती ती तेलात आली, म्हणून ते काळे झाले. डिझेल एंजिनात पुष्कळ दिवस सोनेरी राहणारे तेल उलट संशयास पात्र होय. तेलाची शक्ती संपली की नाही, याची साधी परीक्षा टीपकागदावर होते. गरम एंजिनातील तेलाचा एक थेंब कागदावर सोडून काही तास आडवा ठेवावा. काळा रंग मध्यापासून कडेकडे हळूहळू फिका होत पसरला, तर तेल अजून काजळी वाहून नेत आहे. मध्ये गर्द काळा ठिपका तेवढा राहून त्याची कड रेखीव उमटली व भोवती नुसते स्वच्छ तेल पसरले, तर ते बदलावे. ही परीक्षा अंदाजापुरतीच आहे. तासांचा हिशेब ठेवण्याऐवजी ती करावयाची नाही.

नव्या ट्रॅक्टरांच्या मालकांनी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराविषयीचे कडक नियम लागू झाले आहेत. अशा काही एंजिनांच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी बसविलेली असते. तेल जळून उरणारी राख या गाळणीत साठून राहते, म्हणून अशा एंजिनाला कमी राखेचे, म्हणजे सी जे-४ किंवा सी के-४ खुणेचे तेल लागते. शेजाऱ्याच्या जुन्या ट्रॅक्टरला पंधरा वर्षे जे तेल मानवले ते येथे घातल्यास एंजिन लगेच बिघडणार नाही. पण गाळणी तुंबेल, आणि ती गाळणी फार महाग आहे.

ट्रॅक्टरात तेलाच्या जागा एकाहून अधिक

एंजिनासाठी आणलेले तेल गिअरपेटीत व गिअरपेटीचे तेल एंजिनात, ही चूक अंकांमुळे होते. गिअरच्या तेलावर ९० हा अंक पाहून ते एंजिनाच्या ४० च्या दुपटीहून दाट असावे, असे वाटते. प्रत्यक्षात दोहोंची मापेच वेगळी आहेत; गिअर तेलाचा ९० हा अंक एंजिन तेलाच्या ४० ते ५० इतकाच दाटपणा दाखवितो. फरक आहे तो मिसळलेल्या द्रव्यांत. गिअरच्या दातांवरील दाबासाठी घातलेली द्रव्ये एंजिनातील उष्णतेला व काजळीला उपयोगी नाहीत. शिवाय ज्या ट्रॅक्टरांचे ब्रेक तेलात बुडालेले असतात, त्यांच्या मागील पेटीत गिअर, हायड्रॉलिक व ब्रेक या तिहींना चालणारे खास तेल लागते. तेथे साधे ९० चे तेल घातल्यास ब्रेक किरकिरतात व पकड देत नाहीत. उतारावर दोन ट्रॉल्या मागे असताना याचा अर्थ काय होतो, हे सांगणे नलगे. कोकणात चिखलणीसाठी पॉवर टिलर वापरणाऱ्यांनी गिअरपेटीत पाणी शिरले काय, हे हंगामात वरचेवर पाहावे.

जुन्या ट्रॅक्टरांच्या हवेच्या गाळणीखाली तेलाची वाटी असते. तीतही बहुधा एंजिनाचेच तेल खुणेपर्यंत घालावयाचे असते. मळणी व रोटाव्हेटरच्या कामात ही वाटी रोज उघडून पाहिली पाहिजे. धुळीचा कण वाळूसारखा कठीण असतो. तो सिलिंडरात शिरला तर कितीही उंची तेल त्याला आवरू शकत नाही. तेलाच्या माथी मारला जाणारा दोष अनेकदा या वाटीतील चिखलाचा असतो.

विहिरीवर अद्याप डिझेल पंप चालविणाऱ्यांपैकी काहींजवळ फार जुनी, तेलाची गाळणी नसलेली एंजिने आहेत. वर्षानुवर्षे साध्या तेलावर चाललेल्या अशा एंजिनात एकदम धुणारे तेल घातल्यास तळाचा जुना गाळ सुटतो. ते घालावयाचेच तर टाकी प्रथम उघडून स्वच्छ करावी आणि पहिले तेल नेहमीच्या निम्म्या तासांतच बदलावे.

ट्रॅक्टरसाठी घेतलेल्या मोठ्या डब्यातील उरलेले तेल घरच्या मोटारसायकलीत किंवा मोटारीत घालण्याची काटकसर मात्र महागात पडते. बहुतेक मोटारसायकलींत क्लचच्या चकत्या एंजिनाच्याच तेलात बुडालेल्या असतात. मोटारींच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असल्याने त्या चकत्या घसरतात. तेथे जासो एम ए किंवा एम ए २ ही खूण पाहावी. नव्या पेट्रोल मोटारींच्या पुस्तिकांत ० डब्ल्यू-२० किंवा ५ डब्ल्यू-३० इतके पातळ तेल सांगितलेले असते. ते पाहून पुष्कळांना भीती वाटते, पण त्या एंजिनांच्या फटी व तेलाच्या वाटा त्याच मापाने घडविलेल्या असतात. त्यांत ट्रॅक्टरचे २० डब्ल्यू-४० घालणे, हे वर सांगितलेल्या दाट तेलाच्या चुकीचेच दुसरे रूप होय.

तेल बदलणे

योग्य तेलही वेळेवर बदलले नाही तर अयोग्य ठरते. नव्या ट्रॅक्टरचे पहिले तेल लवकर, पुष्कळ पुस्तिकांत ५० तासांनी, बदलावयास सांगतात; कारण नव्या भागांचा कीस त्यात उतरलेला असतो. पुढे बहुतेक ठिकाणी २५० तासांची मुदत आढळते. निश्चित आकडा पुस्तिकेतच पाहावा. जुन्या धर्तीच्या तासमीटरविषयी एक खुलासा आवश्यक आहे. तो एंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो, घड्याळावर नव्हे. ठरावीक वेगावर त्याचा एक तास घड्याळाच्या एका तासाबरोबर होतो. मंद वेगात तो मागे राहतो. मीटर बंद असेल तर वहीत रोजचे तास मांडावे. हंगाम संपून ट्रॅक्टर महिनोन्‌महिने उभा राहिला, तरी तेलात आम्ल व ओल जमतच असते. म्हणून तास पुरे झाले नाहीत तरी पुस्तिकेतील महिन्यांची मुदत पाळावी.

तेल सोडताना एंजिन गरम असावे, म्हणजे गाळ तेलाबरोबर निघून जातो. तेलाची गाळणी त्याच वेळी बदलावी. सहा-सात लिटर नवे तेल घालून जुनी गाळणी तशीच ठेवणे म्हणजे धुतलेल्या घागरीत गढूळ पाणी भरणे होय. पातळी पाहण्यासाठी ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, सकाळी सुरू करण्यापूर्वी पट्टी पुसून पाहावी. तेल दोन खुणांच्या मध्ये असावे. वरच्या खुणेपलीकडे भरल्यास क्रँक ते घुसळतो व फेस होतो. न घालता पातळी वाढू लागली व तेलाला डिझेलचा वास येऊ लागला, तर इंधन गळून त्यात मिसळत आहे. तेल दुधट दिसले तर पाणी शिरले आहे. तापलेल्या तव्यावर लांबून टाकलेला थेंब तडतडला की संशय फिटतो. अशा वेळी नुसते तेल बदलू नये, गळतीची जागा शोधावी. तेलाच्या दाबाचा काटा खाली आला अथवा तांबडा दिवा लागला, तर 'बांधापर्यंत जाऊ' म्हणून पुढे न जाता एंजिन तेथल्या तेथे बंद करावे.

खरेदी व रिकामा डबा

पिंपातून लिटरवर मिळणाऱ्या सुट्या तेलावर वरील दोन्ही खुणा नसतात, म्हणून ते घेऊ नये. बंद डब्याच्या झाकणाचे कडे व आतील पातळ पत्र्याची मोहोर शाबूत असावी, छपाई स्पष्ट असावी व पावती मागून घ्यावी. पावती असेल तरच पुढे तक्रारीला आधार राहतो. बनावट तेल भरणाऱ्याला खऱ्या कंपनीचा रिकामा डबा हवा असतो व तो त्याला भंगारातूनच मिळतो. यास्तव रिकामा डबा विकण्यापूर्वी त्याच्या बुडाशी खिळ्याने भोके पाडावी अथवा तो कापावा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही सवय प्रथम गावातील औजार बँकेत लावून द्यावी. तेथे डबे पुष्कळ निघतात.

काढलेल्या जळक्या तेलाचे काय करावे, हे शेवटी सांगावयाचे. ते बांधावर, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतल्यास जमीन व पाणी दोन्ही नासतात. जनावरांच्या जखमांना ते लावण्याची चाल काही ठिकाणी आहे, ती घातक आहे. वापरलेल्या तेलात धातूंचा कीस व विषारी द्रव्ये असतात, आणि ते माणसाच्या कातडीलाही वारंवार लागू देऊ नये. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते परत गोळा करून त्यावर पुन्हा प्रक्रिया करण्याची जबाबदारी तेल उत्पादकांवर टाकण्यात आली आहे. ते पाणी किंवा डिझेल न मिसळता झाकणाच्या वेगळ्या डब्यात साठवावे, डब्यावर ठळक अक्षरांत तसे लिहावे आणि पुरेसे जमले म्हणजे ट्रॅक्टर विक्रेत्याच्या कार्यशाळेत अथवा परवानाधारक संकलकाकडे द्यावे. चांगल्या तेलाच्या शेजारी हा डबा कधीही ठेवू नये. अंधारात घाईने तेल भरताना तोच हाती लागण्याचा संभव असतो.